डाव्या हातमोज्यावरचा थेंब

मिरजेच्या त्या विस्मृतिगृहात आता खोल्यांमधून मुलानातवंडांचे फोटो लावत नाहीत. नातेवाईक आला की त्याच्या मनगटावर एक थेंब लावतात, बस्स! चौदा म्हाताऱ्यांनी आपली माणसं अशी परत ओळखली. या थेंबाचं नाव 'ओळखवलय'. वैजयंती हुद्देदारनं त्यावर पाच वर्षं पीएचडी केली. एक गाईड रसायनाचे, दुसरे मेंदूचे, आणि दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे.

"पण असतं काय हे, ताई?" तिच्या वडिलांची, आबांची, देखभाल करणाऱ्या शेवंतामावशींनी विचारलं.

"कार्बनचे अणू गोल पंगतीत बसलेत असं समजा, मावशी. त्यातला एक उठवायचा आणि तिथं नायट्रोजन बसवायचा. झालं विषमचक्री संयुग."

"परका पाहुणा आला की सगळी पंगत सावरून बसते, तसंच की!"

"अगदी! माझ्या लहानपणच्या झबल्यातला वास घेतला आणि त्याच्या कड्यात असा पाहुणा बसवला. हा वास ज्याच्या अंगाला येईल, तो चेहरा आबांच्या मेंदूत माझ्या नावाला चिकटेल. पण एकदाच हं. नंतर तो निघत नाही."

आबा जुने कंपाउंडर. पाच वर्षांपूर्वी ते विसरायला लागले, आणि गेली तीन वर्षं लेकीला "बाई" म्हणत होते. पीएचडीबिएचडी ठीक आहे हो, पण तिचा सगळा आटापिटा "वैजे" या एका हाकेसाठी होता.

चौदा वेळा तिनं हातमोजे घालून दुसऱ्यांच्या मनगटावर थेंब लावला होता. त्या दिवशी, आबांच्या खोलीबाहेर, तो स्वतःला लावायचा होता. सगळं लक्ष दाराआडच्या आबांकडे होतं. थेंब पडला डाव्या मनगटाशी, पण कातडीवर नव्हे, हातमोज्याच्या काठावर, आणि तिच्या ते ध्यानातच आलं नाही. प्रयोगशाळेचा नियमच आहे, हातमोजा घालून दाराच्या कडीला हात लावायचा नाही. पाच वर्षांची सवय! तिनं हातमोजे काढून टाकले आणि ती आत गेली.

बाहेर पडलेले हातमोजे शेवंतामावशींनी उचलले, बादलीत टाकले आणि पाठोपाठ आत येऊन आबांची उशी सरळ केली.

आबांनी मावशींचा हात धरला. नाकाशी नेला. डोळे भरून आले.

"वैजे! आलीस गं माझी बाय!"

वैजयंतीला क्षणात सगळं कळलं. काळीज फाटणं म्हणतात ते हेच. मावशी तर रडकुंडीला आल्या.

"आबा, अहो, मी न्हवं, ह्या बघा..."

"राहू दे, मावशी," वैजयंती म्हणाली. तीन वर्षांत तिनं आबांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "आता ते सुटायचं नाही. हो म्हणा. माझ्यासाठी."

"वैजे, तुझा प्रबंध झाला का गं?"

मावशींनी वैजयंतीकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"झाला, आबा," मावशी म्हणाल्या.

"अगं मग पेढे कुठायत?" आबा खळखळून हसले. मग दाराशी उभ्या वैजयंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि या बाईंनाही दे हो एक. केव्हाच्या उभ्या आहेत बिचाऱ्या."