ठकूचा दगड

चंद्रकोटाच्या माथ्यावर पहाट फुटली, तेव्हा गडाला वेढा घालून बसलेल्या मोगली फौजेचे तंबू, पायथ्याचे काळदरीचे रान आणि कोकणात उतरणारा आंबेघाट हे सगळे धुक्यात बुडाले होते. दिसत होती ती फक्त काळगंगा, आणि तिच्या वळणावर, डोंगरांच्या ऐन पोटात वसलेले कोंडगाव.

डोंगरात जायचे तर कोंडगावात थांबावेच लागे. भोई, वाटाडे, बैल, घोंगड्या, शिदोरी, सगळे इथेच मिळे. पुढे गाव नव्हते. नदीकाठी भैरोबाचा तीन बाजूंचा पार होता. एक बाजू गडाच्या वाटेकडे, दुसरी काळदरीकडे, तिसरी आंबेघाटाकडे. जाणाऱ्याने नदीतला दगड उचलून आपल्या वाटेच्या बाजूला ठेवायचा, आणि परतल्यावर आपल्या हाताने नदीला द्यायचा, अशी रीत होती. जो परतत नसे त्याचा दगड तसाच राही. तो दुसऱ्या कुणी पाण्यात सोडला, की त्या माणसाची वाट पाहणे संपले.

आंबेघाटाच्या बाजूला एक तांबूस दगड बरीच वर्षे पडून होता. तो खेमा नावाड्याच्या बायकोचा, ठकूचा. माहेरी म्हणून घाट उतरायला गेली, ती दरडीखाली गाडली गेली असे लोक म्हणत. प्रेत मिळाले नव्हते. खेमा रोज सकाळी ओल्या फडक्याने तो दगड पुशी. गावाने पुष्कळ समजावले, दगड सोड, दुसरे घर कर. तो ऐकून घेई आणि नावेकडे जाई. भाकरी थापायला बसला, की अजून दोघांपुरत्या होत.

त्या सकाळी गडाच्या चोरवाटेने एक डोली उतरली. आत किल्लेदारांची सून उमाऊ होती, दिवस भरत आलेले. ती शत्रूच्या हाती लागली असती, तर किल्लेदारांना गड खाली करावा लागला असता. म्हणून तिला घाटाने माहेरी पोचवायचे होते.

"वहिनीसाहेब, दगडाचं राहू द्या," सोबतचा म्हातारा हवालदार गोंदजी अजिजीने म्हणाला. "वेळ नाही."

"दगड न ठेवता गेले तर परत कशी येऊ, गोंदजीबाबा?" ती डोलीतून उतरली, पाण्यात वाकली, आणि घाटाच्या बाजूला एक पांढरा दगड ठेवून त्याला टेकून एक अगदी लहान ठेवला. भोयांनीही आपापले ठेवले. डोली झाडीत दिसेनाशी झाली.

पलीकडच्या काठावरचे धुके विरले, तेव्हा तिथे घोडी दिसली.

"खेम्या! नाव आण!"

खेमाने आवाज ओळखला. कावजी नाईक, याच गावचा, याच नदीत त्याच्याबरोबर पोहायला शिकलेला. आता मोगलांच्या चाकरीत होता. परक्या सरदाराला पारावरचे दगड म्हणजे दगडच. कावजी ते वाचणार होता.

खेमाने डोलीवाल्यांचे सगळे ओले दगड उचलून काळदरीच्या बाजूला नेऊन ठेवले. मग नाव पाण्यात लोटली.

कावजी शिपायांसह उतरला आणि थेट पाराशी गेला. "काळदरी? अवघडलेली बाई रानात?"

"घाटात तुमच्या चौक्या असतील, असं म्हणाले."

कावजीने घाटाच्या बाजूवर हात फिरवला. बोटे ओली झाली.

"आणि ही बाजू ओली कशी रे?"

"रोज पुसतो मी. ठकीचा दगड आहे तिथं."

"अजून?" कावजी हसला. "पाराशीच संसार मांडलास की. ती काय आता येते होय?" मग त्याचे हसणे थांबले. "उचल तो. डोली काळदरीत गेली हे खरं असेल, तर ठकूवहिनीचा दगड सोड पाण्यात. माझ्यासमोर."

शिपायांना काही कळेना. गावाने दारे लावून घेतली होती. खेमाने दगड दोन्ही हातांनी उचलला. रोज पुसूनही त्याच्या तळाशी माती होती. ती त्याने अंगठ्याने काढली. तो कमरेइतक्या पाण्यात गेला, जिथे डोह सुरू होतो तिथे वाकला, आणि हात उघडले.

कावजीने पगडी सारखी केली. खोट्यासाठी हा माणूस तो दगड देणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो काळदरीत शिरला.

दिवस कलताना तो रिकाम्या हाताने परतला. त्याने खेमाला पाराला बांधून आसूड ओढले.

"तिचा दगड देऊन खोटं बोललास?" मारता मारता कावजीचाच आवाज फुटला. "तिचा?"

"ती असती तर त्या पोरीसाठी तिनंच सोडला असता," खेमा म्हणाला.

परत जाताना कावजीने पलीकडच्या काठाला नाव फोडली. डोली घाट उतरून गेली होती. गड लढत राहिला, आणि पावसाळा लागल्यावर मोगलांनी वेढा उठवला. कावजीचे पुढे काय झाले ते कोंडगावाला कधी कळले नाही.

दसऱ्यानंतर उमाऊ लेकीला घेऊन घाट चढून आली. आपले दगड काळदरीच्या बाजूला पाहून ती थबकली, तेव्हा गोंदजीने गावात ऐकलेली हकिकत तिला सांगितली. खेमा नव्या नावेशी उभा होता.

"खेमाजी, मामंजी जमीन द्यायला तयार आहेत. काय हवं ते मागा."

"जमिनीत मी एकटा काय करू, वहिनीसाहेब?"

ती पांढरा दगड आणि लेकीचा लहानगा दगड घेऊन काठाच्या उथळ पाण्याशी वाकली.

"तिथं नको," खेमा घाईने म्हणाला. मग त्याने डोहाकडे बोट केले. "जरा पुढं सोडा. आमची तिथं आहे. तिला सोबत होईल."

उमाऊ लेकीला कडेवर घेऊन, लुगडे भिजवीत, पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेमा फडके भिजवून पाराशी आला. घाटाच्या बाजूला दगडाएवढी फिकट जागा होती. त्याने ती पुसली, आणि तो नावेकडे गेला.