तिसऱ्या पिलाची जागा

टॅन्सीला सासूच्या हवाली करायचं, डोंगरावर जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, एवढाच त्या दिवसाचा बेत होता. रोवीनाने पिशवीत दुपटी भरली, काढून ठेवलेल्या दुधाची बाटली घातली, चघळायची रबरी कडी घातली. मग ती कडी बाहेर काढून पुन्हा एकदा उकळली आणि पुन्हा घातली. टॅन्सीला दात येऊ घातले होते. पोर दिवसभर मुठी चावायची, लाळेने गळपट्टी चिंब व्हायची, पण दाताचा पत्ता नव्हता.

"विल्मा, दूध कोमटच करा हं. मनगटावर टाकून बघा."

"चार पोरं वाढवलीत मी," सासू म्हणाली. "त्यातलं एक तू नवरा म्हणून घेऊन गेलीस. इतकं वाईट निघालं का?"

"अजून ठरवते आहे," रोवीना म्हणाली आणि दारातून दोनदा परत आली.

बाहेर पिकअपमध्ये नवरा कॉर्बिन आणि सासरा ऑर्व्हिल ताटकळले होते. मागच्या पिंजऱ्यात कुत्री अधीर होऊन पत्रा खरवडत होती.

रोवीना वन्यजीव खात्यात नोकरीला होती. खोऱ्यात कूगर म्हणजे डोंगरी सिंह किती, एल्क हरणांची पाडसं किती जगली, आणि त्यावरून यंदा कूगरच्या किती माद्या मारू द्यायच्या, हे गणित तिच्याच टेबलावर सुटायचं. बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी तिनेच लिहून दिलं होतं, की आणखी एक मादी गेली तरी खोऱ्याला काही फरक पडणार नाही. शिकारी मेलेलं जनावर कार्यालयात आणत. वय कळावं म्हणून त्याच्या वरच्या सुळ्यामागचा इवलासा दात उपटायचा आणि कातड्याला खात्याचा बिल्ला अडकवायचा, हेही तिचंच काम. असे कितीक जबडे तिने उघडले होते, पण स्वतः एकही मारलं नव्हतं. यंदाचा परवाना मात्र तिच्या नावाचा होता. कॉर्बिनने वाढदिवसाची भेट म्हणून काढून दिलेला. इतर बायकांना कानातली मिळतात.

"कागदावर बरीच मारलीस," ऑर्व्हिल म्हणाला. "आज एक झाडावरची मारून दाखव."

ओढ्यापलीकडे बर्फात ताजा माग सापडला. एकटी मादी. कुत्री सुटली आणि त्यांचा गलका दरीतून वर वर चढत गेला. बऱ्याच वेळाने तो आवाज पालटला. धावतानाचा लांबलचक हेल तुटला आणि त्याजागी घणाचे घाव पडावेत तसं एका ठिकाणचं, ठोक्याठोक्याने भुंकणं सुरू झालं.

"झाडावर चढवलं," ऑर्व्हिल हसला. "ती आपली सिस्टर, सगळ्यात जुनी कुत्री. म्हातारी झाली, पण त्या आवाजात कधी खोटं बोलत नाही."

का कोण जाणे, तो आवाज ऐकताच रोवीनाला पान्हा फुटला. जाकिटाच्या आत सदरा भिजू लागला.

जुन्या पाइनच्या फांदीवर ती मादी आडवी बसली होती. खाली कुत्री खोडावर उड्या घेत होती; त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रोवीनाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, छातीकडे. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या.

"पोटाखाली नीट बघ," ऑर्व्हिल हळूच म्हणाला. "पाजती असेल तर सोडायची. पिलं लहान असली तर बिळातच राहतात. आई एकटीच हिंडते. मागावरून काही कळत नाही."

रोवीनाने दुर्बीण लावली. पोटावरच्या पांढऱ्या लवेत काळपट, ओलसर वर्तुळं होती. चाटून चाटून बसलेली लव. तिला ती स्वच्छ दिसली. त्याच क्षणी स्वतःच्या सदऱ्याचा गार ओलावा तिच्या कातडीला चिकटला आणि ती मनात ओशाळली. अलीकडे तिला ढगातही दूध दिसायचं. श्वास चालू आहे ना, एवढं बघायला कालच तिने गाढ झोपलेल्या पोरीला हलवून जागं केलं होतं. असल्या बाईच्या नजरेचा काय भरवसा?

"बर्फाने भिजलीये," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. कोरडी आहे. दूध नाही."

तिने बार टाकला. गोळी फासळ्यांच्या फार मागे लागली. मादी फांदीवरून घसरत, नखांनी साल सोलत कुत्र्यांच्या गराड्यात कोसळली आणि उताणी होऊन मागच्या पायांनी ड्रमर नावाच्या कुत्र्याला छातीपासून खालपर्यंत उसवलं. तो आपल्याच आतड्यांत पाय अडकून पडला. दुसऱ्या कुत्र्याचा कान तिच्या तोंडात राहिला. बर्फ, केस, रक्त यांचा एकच चिखल झाला.

"टेकवून मार!" कॉर्बिन ओरडला. "टेकवून!"

रोवीनाने नळी तिच्या कानामागे टेकवली. शेवटपर्यंत त्या नाकपुड्या हलत होत्या.

जबडा ताठायच्या आत दात काढावा लागतो. हातांना सवय होती. त्यांनी ते काम तिला न विचारता केलं. पकडीने तो शुभ्र, टोकदार दात निघाला. तिने तो काचेच्या छोट्या बाटलीत टाकून वरच्या खिशात ठेवला. मग कॉर्बिनने सुरी लावली. सुरी पोटावरून उतरली तसं लाल बर्फावर काहीतरी पांढरं ओघळलं. त्याला वाफ येत होती.

मग ऑर्व्हिलने कुऱ्हाड उचलली.

"चला. उलट्या मागाने. बर्फ पडायच्या आत."

"खात्याला कळवू," रोवीना म्हणाली. "ते येऊन पिलं..."

"खातं म्हणजे तूच ना गं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "फोन इथे लागत नाही. आज रात्री ती गारठून मरतील, नाहीतर उद्या उपाशी. ज्याने आई मारली, त्याने बिळापर्यंत जायचं. माझ्या बापाने मला तेच शिकवलं."

ते निघाले. पावलागणिक खिशातला दात बाटलीत वाजत होता. टिक... टिक...

कड्याखाली दगडाच्या सांदीत बीळ होतं. ठिपक्याठिपक्यांची दोन पिलं, निळसर डोळ्यांची. एकाने रोवीनाचं बोट तोंडात धरलं आणि ते चोखू लागलं. हिरड्या शिवशिवणाऱ्या, जोर लावून.

"बोट काढ," ऑर्व्हिल म्हणाला. "तोंड फिरव."

तिने बोट काढलं, पण तोंड फिरवलं नाही. एवढं तरी आपण बघायला हवं, असं तिला वाटलं. पहिलं एका घावात गेलं. दुसऱ्याला कुऱ्हाडीची पाठ ओझरती लागली. ते अर्ध्या कवटीने किंचाळत सांदीत सरपटलं. ऑर्व्हिलने त्याला पायाला धरून ओढलं आणि दगडावर आपटलं. एकदा. मग पुन्हा.

"तिसरं कुठंय?" कॉर्बिनने विचारलं.

पाचोळ्यात, झडलेल्या केसांच्या मऊ बिछान्यात, तीन खळगे होते. बाहेर जाणारं एकही लहान पाऊल बर्फात नव्हतं. रोवीनाने तिसऱ्या खळग्यात हात घातला. तो उबदार होता. आणि त्याला वास येत होता तो जनावराचा नव्हे. आंबूस दुधाचा... लाळेने भिजलेल्या गळपट्टीचा...

मला तर सगळीकडे तेच, असं स्वतःशी म्हणून तिने हात मागे घेतला.

घरी पोचले तेव्हा विल्माच्या खिडकीत दिवा लागला होता. कुत्र्यांना अंगणात सोडून रोवीना धावतच आत गेली.

"आता पुन्हा कशाला?" सासू कणीक मळत होती. "मगाशी आलीस ती एका शब्दाने बोलली नाहीस."

"मी... मगाशी?"

"डोंगरात दोन बार ऐकले, त्यानंतर थोड्याच वेळाने. पाळण्यापाशी पाठमोरी बसून पाजत होतीस की. मी हाकही मारली. म्हटलं, रागावली असेल. काल मी बोलले त्यावरून. जाताना दार उघडं टाकून गेलीस. सगळं घर गारठलं."

"कोट कुठला होता माझ्या अंगावर?"

"असा काय प्रश्न! तोच तो, पिवळट तपकिरी..."

रोवीनाच्या अंगावर सकाळपासून शिकारीचं नारिंगी जाकीट होतं. तिच्याकडे पिवळट तपकिरी कोट नव्हताच.

दुधाची बाटली टेबलावर होती तशीच, काठोकाठ. टॅन्सी पाळण्यात तृप्त पडली होती. तिचं जावळ एका बाजूला चप्प बसलं होतं, ओलं, चाटल्यासारखं. आणि खालची कातडी कानसीने घासावी तशी लाल झाली होती.

रोवीनाने तिला उचलून छातीशी लावलं. पोरीने आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग तोंड लावलं आणि रोवीना कळवळून ओरडली.

"काय झालं?" कॉर्बिन धावत आला.

दुधात रक्त मिसळत होतं. तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं. पुढच्या हिरड्या नेहमीसारख्याच गुळगुळीत. बोट वर सरकलं, मागे सरकलं... जिथे कुठल्याच तान्ह्या मुलाला पहिला दात येत नाही, तिथे ते टोचलं.

"दात... दात आलाय."

"अगं बाई!" विल्मा हात पुसत उठली. "बघू, बघू!"

रोवीनाने तोंड दाखवलं नाही. तिने दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. दाताची बाटली होती. बूच घट्ट होतं. तिने ती हलवली. मग कानाशी धरून पुन्हा हलवली.

बाटली वाजली नाही.

तेवढ्यात दारात काहीतरी हललं. म्हातारी सिस्टर उंबऱ्याशी आली होती. घरात ती कधी ब्रसुद्धा काढत नसे. मानेवरचे केस ताठ करून ती टॅन्सीकडे बघत राहिली. आणि मग, एका जागी उभी राहून, घणाचे घाव पडावेत तशी, ठोक्याठोक्याने भुंकू लागली.

तिच्या मागे ऑर्व्हिल उभा होता. कुऱ्हाड अजून धुतलेली नव्हती. त्याने कुत्रीला गप्प केलं नाही.