हिरवी तार

"फ्लॉईडने बायको आणलीय का शोकेसची बाहुली? दीड महिना झाला, हूं नि हां यापलीकडे शब्द नाय."

स्टेफीची नणंद शर्लिन स्वयंपाकघरात आईला सांगत होती. दाराच्या अलीकडे स्टेफी रिकामे कप घेऊन उभी आहे, हे दोघींनाही माहीत नव्हतं. सासूबाई मार्गारेट म्हणाल्या, "कंपनीत डबे भरायला होती ना गोखिवऱ्याला. तिथे बोलतं कोन?"

स्टेफी आत गेली, चहाची किटली उचलली आणि अंगणात पुरुषांना चहा द्यायला निघाली. गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात ती चार वर्षं विजेची पॅनेलं जोडायची. डबे कुठून आले कोण जाणे. या घरात कुणी काही विचारत नसे, जो तो ठरवून टाकायचा.

नोव्हेंबरची बावीस तारीख, शनिवार, रात्रीचे साडेनऊ. अमावास्येला दोन दिवस झाले होते आणि पाचूबंदरला भरती चढत होती. होडी तरंगली की फ्लॉईड पाण्यात उतरून तिला किनाऱ्यावरची लाईट जोडणार होता. खांबावरच्या पेटीतून केबल, केबलीतून होडीवर करंट, त्यावर बॅटरीचा चार्जर, पंप आणि मासळीचा छोटा फ्रीजर. सगळं काम त्याने मोबाईलवर बघून केलं होतं. दुपारी त्याच्या पायाशी हिरव्या तारेचे तुकडे पडलेले स्टेफीने पाहिले. तीन तारांची केबल विकत आणून तिच्यातली तिसरी दोन्ही टोकांना छाटणारा माणूस आपल्या वाट्याला आलाय, हे तिला तेव्हा कळलं.

"ही का कापली?" तिने हळूच विचारलं होतं.

"अगं, अर्थिंगची आहे ती. होडी पाण्यातच उभी असते, तिला वेगळी अर्थिंग कशाला?"

"पण करंट इंजिनात उतरला तर पाण्यातल्या माणसाला..." असं तिने सुरू केलं, तर शेजारी बसलेल्या प्लासिडकाकांनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावाने, हात हलवला. "बाय, पानी म्हंजे सगळ्यात मोठी अर्थिंग." काका बोलले की या घरात विषय संपायचा. तो संपला.

आता त्याच काकांच्या कपात ती चहा ओतत होती आणि नजर घड्याळावर होती.

"काका, भुताची सांगा ना एखादी," ग्लेन म्हणाला. ग्लेन फ्लॉईडचा चुलतभाऊ, वय चोवीस, रात्री एकटा मोरीपर्यंत न जाणारा.

"तुमाला भुतं पन मोबाईलवरच भेटनार," काका म्हणाले. "ही खरी आहे. कळंबचा केनी. सात वर्षं आमी एका होडीवर होतो. त्याने कळंबात पहिल्यांदा होडीला किनाऱ्यावरून लाईट घेतली. काम धर्मा वायरमनचं. धर्मा म्हनायचा, तिसरी तार घालू. केनी म्हनाला, पानी आहे ना. नाय घातली."

स्टेफीने काकांकडे पाहिलं. दुपारच्या बोलण्याशी याचा काही संबंध आहे, असं काकांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"आन धर्माची एक रीत होती. हात लावायच्या आधी तो किनाऱ्यावरच्या मानसाला विचारायचा, 'काढली?' त्याने खांबावरच्या पेटीतली पिन उपसून हातात धरायची आन मग म्हनायचं, 'काढली.' तोवर धर्मा बोट लावायचा नाय. एके दिवशी तो कमरेएवढ्या पान्यात, होडीच्या मागच्या पंख्यापाशी. विचारलं, 'काढली?' केनी खांबापाशी बिडी पेटवत होता. म्हनाला, 'काढली.'"

"काढली नव्हती?"

"बिडी पेटवत होता म्हटलं ना. पिन कुठल्या हातात धरनार?" काकांनी चहा संपवला. "माशासारखा पोहनारा मानूस, कमरेएवढ्या पान्यात गेला. लोक म्हनाले, पान्याने ओढला."

बिचारं पाणी, स्टेफीला वाटलं. अख्ख्या गावात केबलीकडे मान वळवणारा एकही निघाला नव्हता.

"दोन महिने गेले. दोन हजार एकोनीस, अकरा डिसेंबर, बुधवार, दत्तजयंती. केनी जेवनाचा डबा होडीवर विसरला होता. बायको म्हनाली, उद्या आना. हा म्हनाला, आत्ता आनतो. पावनेबारा वाजलेले. चांदनं दुधासारखं. बघतो तर होडीवर दिवा. त्याला वाटलं, आपनच विसरलो. खांबापाशी गेला. पिन उपसली. हातात धरली."

काका थांबले.

"दिवा तसाच."

दारात शर्लिन आणि मार्गारेट येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बॅटरी दुरुस्तीला दिलेली. करंट यायला दुसरी वाट नाय. दिवा तसाच. वारा पडला. पानी हलेना. मग पंख्याजवळून... हळू..."

"काय?" ग्लेन पुटपुटला.

"'काढली?'"

शर्लिन आईला चिकटली.

"केनी मागे सरला. परत... 'काढली?' पान्यात कोन नव्हतं. नुसते दोन हात. वर धरलेले. कशाला न लावता... वाट बघत."

ग्लेनने मोबाईल मांडीवर ठेवला.

"तिसऱ्यांदा... 'काढली?'"

काकांनी मूठ वर धरली. "केनी रडला. पिन वर धरून रडला. 'काढली, धर्मा. आज काढली.'"

"दिवा गेला."

काकांनी आवाज खाली आणला. "पहाटे वाळूतून मीच उचलला त्याला, बेसुद. हे सगळं सुद्दीवर आल्यावर त्यानेच सांगितलं. मूठ घट्ट. बोटं उघडायला दोघे लागलो. आत पिन. केनीच्या पिनेत दोनच तारा, सगळ्या कळंबला ठाऊक. आता तीन होत्या. हिरवी तार, करकरीत नवी. धर्मा घालायचा तसा पीळ. केबलीच्या अंगाने पार होडीच्या इंजिनापर्यंत नेऊन आवळलेली. कोनी घातली... ते आजपर्यंत कोनाला माहीत नाय."

ग्लेनने पाय खुर्चीवर घेतले. फ्लॉईड उठला, चड्डीची नाडी आवळली. "चला, तरंगली असेल. मी पाण्यात उतरतो. ग्लेन, तू खांबापाशी थांब. मी ओरडलो की सांग चालू आहे का बंद."

"सांगतो ना," ग्लेन म्हणाला. मोबाईल एव्हाना पुन्हा त्याच्या हातात होता, मान खाली.

"पान्यात पाय टाकायच्या आधी क्रूस कर," काकांनी सल्ला दिला.

मार्गारेटने दारातूनच छातीवर क्रूस केला. धर्मा कशाने मेला ते आत्ताच सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि सगळ्यांच्या डोक्यात उरलं होतं ते फक्त भूत. स्टेफीला भुताचं नवल वाटलं नाही. धर्मावर तिचा चटकन विश्वास बसला. काम अर्धवट टाकून जाणं तिलाही जमलं नसतं.

तिने किटली खाली ठेवली. फ्लॉईडच्या पिशवीतून पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि टेस्टर काढला, आणि निघालेल्या नवऱ्याच्या वाटेत उभी राहिली.

"धर्माचं जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, म्हणून त्याला मेल्यावर येऊन तार जोडावी लागली," ती म्हणाली. "मी तोवर थांबणार नाही. फ्लॉईड, तू खाली बस. पिन मी स्वतः उपसून केबल इकडे आणते, ग्लेनच्या सांगण्यावर नको. काका, तुम्ही टॉर्च धरा."