ग्रँटेड

बाहुलीवाला इंग्रजीच्या वर्गात शिरला तो चुकून. त्याला खरं तर शेजारच्या चित्रकलेच्या वर्गातून गोंद मागायचा होता. पण फळ्यावरचा शब्द पाहून तो दारातच थबकला.

"ग्रँट म्हणजे अनुदानच ना, टीचर? मला तेच हवंय! नाही मिळालं, तर आमचं बाहुल्यांचं थिएटर बंद, आणि माझी रवानगी परगावी, काकांच्या गोदामात."

"नाम असेल तर अनुदान. क्रियापद असेल तर... मंजूर करणं," ती म्हणाली. हसू काही आवरेना, कारण त्याच्या हातातलं कापडी गाढव गंभीरपणे मान डोलवत होतं.

मग अनुदानाच्या मुलाखतीची तयारी करायला स्वारी रोज संध्याकाळी येऊ लागली. इंग्रजी म्हटलं की त्याची बोबडी वळायची; गाढव मात्र घडाघडा बोलायचं. "कशा आहात, टीचर? दमलात का?" हेही गाढवच विचारायचं. घरी असं कुणी विचारत नसे. वहिनीची खरेदी, आत्याची औषधं, भाचीचा अभ्यास... ती आहेच, ती करेलच, असं सगळे धरूनच चालत. त्यामुळे गाढवाच्या मालकावर तिचा जीव जडला, यात नवल ते काय!

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी त्याने गाढव पिशवीत ठेवलं. त्याचे स्वतःचे कान लालबुंद झाले होते.

"आज मीच बोलतो. टीचर... आय टेक यू फॉर ग्रँटेड!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे हासुद्धा?

"अर्थ माहीत आहे याचा?"

"माहीत म्हणजे! ग्रँटेड म्हणजे मंजूर. तुम्ही मला मंजूर... आहात तशा, कायमच्या!"

"अर्थ असा, की मी तुम्हाला गृहीत धरतो. या आहेतच, जातात कुठे!"

तो पांढराफटक पडला. "अहो, छे! आज तुम्ही आला असाल की नाही, या धाकधुकीत मी रोज जिना चढतो. दिवा दिसला की मगच जिवात जीव येतो. गृहीत धरायची माझी काय बिशाद!"

तिला एकदम रडू आलं, आणि हसूही.

"उद्या ग्रँट मिळो न मिळो," तो चाचरत म्हणाला, "मी गोदामात जाणार नाही. काम इथेच शोधीन. तुमच्याजवळ... राहू ना?"

तिने पिशवीतून गाढव काढलं, हातावर चढवलं आणि त्याची मान हळूच खाली झुकवली.

"ग्रँटेड," गाढव म्हणालं. आवाज मात्र तिचा होता, जरासा कापरा.