कसरीचं औषध

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची देखभाल करायचे. माझ्या लग्नात नवऱ्याच्या आत्याने "मुलगी काय करते?" असं विचारलं, तेव्हा आईने "संग्रहालयात असते" एवढं सांगून वेळ मारून नेली. मेलेल्या पक्ष्यांना न्हाऊमाखू घालते, हे मांडवात कसं सांगणार?

या कामाला मामाने लावलं आणि मामानेच शिकवलं. तारा वाकवणं, कापूस भरणं, काचेचे डोळे बसवणं ही कामं त्याची. पिसं कुरतडणाऱ्या कसरीचं औषध लावणं हे माझं. पांढरी पूड मऊ ब्रशने पिसांच्या मुळाशी सोडायची आणि तोंड अगदी जवळ नेऊन फुंकर मारायची, म्हणजे जास्तीची पूड उडते आणि पिसं जिथल्या तिथे बसतात. तोंडाला फडकं बांधलं तर फुंकर कशी मारणार? "बायकांची फुंकर हलकी असते," असं मामा म्हणायचा. माझ्याआधी हे काम मामी करायची. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड सगळे माझ्या वाट्याला आले. डब्यावर लेबल नव्हतं. मामाने दिलेल्या डब्याचं लेबल शोधावं असं माझ्या मनातही आलं नाही.

खोलीत सगळ्यात मोठी होती ती समुद्रगरुडाची मादी. माझ्या जन्माआधीच मेलेली. तिच्या पोटात कापूस आणि तार, याची मला खात्री आहे, कारण शिवण उसवून तो कापूस बदलताना तिला मीच धरून होते. तिची काचेची पेटी चारही बाजूंनी स्क्रूने बंद. एका सकाळी तिच्या पंजांखाली, प्लास्टरच्या खडकावर, एक अंडं दिसलं. स्वतःच्याच वजनाने बसल्यासारखं चेपलेलं. कवच कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ, आणि बलक अजून ओला.

मी मामाला हाक मारली. त्याने पेटी उघडली, खडक पुसला, स्क्रू परत आवळले.

"कुणाचा हा चावटपणा?" मी विचारलं.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

असं कसं होतं कधी कधी, हे विचारायचं राहून गेलं. माझ्या ओटीपोटात कळ आली होती. त्या दुपारी माझं पहिलं मूल पोटातच गेलं.

दुसऱ्या खेपेलाही आधी अंडं आणि मग दवाखाना. भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही. योगायोग दोनदा होऊ शकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. मामी माझ्या उशाशी बसून ढसाढसा रडली. मामा दारातच उभा राहिला, आत आला नाही.

तिसऱ्या खेपेला मी डॉक्टर बदलली. "कामावर काय काय हाताळता?" असं विचारणारी ही पहिलीच. मी डब्यातली चिमूटभर पूड तिला नेऊन दिली. तिने ती तपासायला पाठवली. उत्तर यायला इतका वेळ लागला की तोवर मला सातवा महिना लागला होता.

"ही डीडीटी आहे," डॉक्टर म्हणाली. "शेतात फवारायला हिच्यावर कधीचीच बंदी आली. पाण्यातून माशांत जायची, माशांतून पक्ष्यांत. मोठ्या पक्ष्यांची अंडी इतकी पातळ व्हायची, की आई उबवायला बसली की फुटायची."

अंड्यांबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"आणि माणसांत?"

"चरबीत साठते. वर्षानुवर्षं निघत नाही, आणि आईकडून बाळापर्यंत पोचते. तुमची मुलं हिच्यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हे बाळ आत्ता छान आहे. पण त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नका."

मी तिथून उठले आणि सरळ त्या खोलीत गेले. मामा तार वाकवत बसला होता.

"मामा, त्या डब्यात काय आहे?"

त्याने वर पाहिलं नाही. "कळलं का."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या मामीचंही असंच व्हायचं. मूल राहायचं आणि जायचं. तेव्हा कळलं."

"तिला सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं? तिचं काम बंद केलं मी."

"आणि मला लावलंस."

"दुसरं औषध टिकत नाही गं. वर्षभरात कसर सगळं फस्त करते. यातले काही पक्षी आता जगात कुठेच नाहीत. मुलं काय, पुन्हा होतात."

याच माणसाने मला खांद्यावर बसवून गावभर मिरवलं होतं. त्याने केसाने माझा गळा कापला होता आणि वर मलाच समजावत होता.

"ती अंडी कुठून येतात?"

"देवाशप्पथ माहीत नाही. मामीच्या वेळीही यायची." त्याने पेटीकडे मान वळवली. "आजही आलंय. पुसलं नाही मी. फुटलेलं नाही, म्हणून."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाळ हलत नव्हतं. दवाखान्यात ते लाथा झाडत होतं. आता पोटावर हात दाबून धरला तरी काहीच नाही.

मी पेटीचे स्क्रू काढले. काच बाजूला केली.

अंडं अख्खं होतं. काच हलल्याच्या धक्क्याने ते खडकाच्या कडेकडे घरंगळलं आणि मी तळहात पुढे केला.

गरम होतं. माझ्या हाताहून गरम.

अंड्याच्या आतून लाथ बसली. ही लाथ मी ओळखते. रोज बरगडीखाली बसते, तीच.

दुसरी लाथ बसली, तेव्हा कवचाला टेंगूळ आलं आणि तसंच राहिलं.

मला हात मिटता येईना. उघडाही ठेवता येईना.

"मामा," मी हळू म्हणाले, "कापूस आण. लवकर."

मामा उठला. टेबलावरचा कापूस त्याने उचलला, पिंजून मऊ केला, सवयीने डब्याचं झाकण काढलं, आणि त्यावर पांढरी पूड भुरभुरवत तो माझ्याकडे आला.