काचेपलीकडचा श्रोता

पहिल्याच दिवशी त्याने तिला गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं.

ती त्या दिवशीच रेडिओ केंद्रात निवेदिका म्हणून रुजू झाली होती. दारावरचा लाल दिवा तिला दिसलाच नाही, आणि "मोठ्या बाईंची खोली कुठली हो?" असं विचारत ती थेट चालू रेकॉर्डिंगमध्ये शिरली. काचेपलीकडे यंत्रांसमोर बसलेला एक उंच तरुण दचकून उठला आणि त्याने ती खूण केली. गळा चिरीन, असाच तिने अर्थ घेतला. संध्याकाळी घरी आईला म्हणालीसुद्धा, "माणसं बरी आहेत, एक खाटीक सोडला तर."

दुसऱ्या दिवशी कळलं, त्या खुणेचा अर्थ फक्त एवढाच... थांब, आवाज बंद. आणि तो खाटीक म्हणजे केंद्राचा ध्वनितंत्रज्ञ. सगळे त्याला मौनीबाबा म्हणायचे, कारण तो खुणांनीच बोलायचा. दोन्ही हातांनी हवा ताणली की 'लांबव', बोट गरगर फिरवलं की 'आटप'. तोंड मात्र तो उघडायचाच नाही.

का, ते तिला कँटीनमध्ये समजलं.

"चहा न..." तो काउंटरवर म्हणाला आणि अडखळला.

"चहाच ना? हा घ्या," कँटीनवाल्या काकांनी कप पुढे सरकवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचं वाक्य पूर्ण करून टाकायची सगळ्या केंद्रालाच सवय लागली होती.

"थांबा हो काका," ती मागून म्हणाली. "त्यांचं बोलणं संपलेलं नाहीये."

काका थांबले. तीही थांबली. त्याचे कान लाल झाले, पण वाक्य आलं. "चहा न... नको. कॉफी."

"अहो, मग इतकी वर्षं मुकाट्याने चहा पीत बसलात? बोलला का नाहीत?" काका म्हणाले.

"बो... बोलू कुठे दिलंत?"

ती खळखळून हसली, आणि मग तोही हसला. त्याच्या उजव्या गालावर खळी पडते हे बहुधा केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला ते ठाऊक झालं याचा तिला उगाचच फार आनंद झाला.

त्यानंतर दोघांच्या खुणांत भर पडली. काचेपलीकडून दोन बोटं वर झाली की 'कॉफी?' भुवई उडाली की 'आज काय विशेष, नवा ड्रेस?' तिच्या माइकपाशी रोज कोमट पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला असायचा. ग्लास शिपाईच ठेवतो असं समजून ती शिपायाला मनापासून धन्यवाद द्यायची, आणि तो बिचारा गोंधळून मान डोलवायचा.

"पाणी तुम्ही ठेवता?" एकदा तिने मौनीबाबालाच रंगेहाथ पकडलं.

"आवाज... आवाज सांभाळणं माझं कामच आहे."

"कुणाकुणाचा सांभाळता?"

"यं... यंत्रांचा," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल.

तिचा कार्यक्रम होता पाच मिनिटांचा. रोज एक इंग्रजी वाक्प्रचार घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि तो वापरायचा कसा ते दाखवायचं. रेकॉर्डिंगमध्ये ती छान बोलायची, कारण चुकलं की पुन्हा घेता यायचं. पण प्रशिक्षणाचा काळ संपत आला तेव्हा मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. केंद्रप्रमुख त्याच; सगळं केंद्र त्यांच्या मुठीत होतं.

"रेकॉर्डिंगमध्ये सगळेच शहाणे असतात," बाई म्हणाल्या. "सोमवारी थेट प्रसारण. जमलं तर सकाळची वेळ तुझी. नाही जमलं तर दुसरी मुलगी तयार आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

घरी आई म्हणाली, "लहानपणापासून तुझी टकळी बंद करता करता मी हात टेकले. तू घाबरतेस?" पण ती खरंच घाबरली होती. नोकरी जाण्याची भीती होतीच. शिवाय काचेपलीकडची ती खळी रोज दिसणार नाही, हे तिला जास्त बोचत होतं.

सोमवारचा वाक्प्रचार तिनेच निवडला. 'शो व्हॉट यू आर मेड ऑफ.'

लाल दिवा लागला. काचेपलीकडून त्याने बोट तिच्याकडे रोखलं. सुरू.

"नमस्कार. आजचा वाक्प्रचार, 'शो व्हॉट यू आर मेड ऑफ'. म्हणजे, कस लागण्याची वेळ आली की आपल्यातलं खरं मोल दाखवून देणं. आता हा वाक्प्रचार वापरायचा कसा..."

आणि पुढचं सगळं गेलं. उदाहरण गेलं, शब्द गेले, जीभ टाळूला चिकटली. काचेपलीकडे तो दोन्ही हातांनी हवा ताणत होता... लांबव, काहीही बोल. तिने नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले.

अशा वेळेसाठी एक सुरावट तयार ठेवलेली असते. ती वाजली की साऱ्या केंद्राला कळतं, निवेदिका कोलमडली. त्याचा हात त्या बटणाकडे गेला. तिने पाहिलं. संपलं, तिच्या मनात आलं.

हात बटणावरून मागे आला. त्याने आपल्या टेबलावरचा माइक ओढला, डोळे मिटले, आणि...

"न... नमस्कार. मी एक श्रो... श्रोता बोलतोय. मला वि... विचारायचं होतं."

शहरभर ऐकू जात होतं ते. कँटीनमध्ये, रिक्षांमध्ये, घराघरांत. ज्याने अडखळणं लपवण्यासाठी वर्षानुवर्षं नको असलेला चहा प्यायला, तो माणूस सगळ्यांदेखत अडखळत होता. तिच्यासाठी.

तिची जीभ सुटली. "विचारा ना."

"मी... मीच म्हणू शकतो का, की बघा, मी का... काय चीज आहे ते?"

"म्हणू शकता. पण लोक तुम्हाला बढाईखोर म्हणतील," ती म्हणाली, आणि आवाजात हसू आलं. "दुसऱ्याने म्हटलं तर ते जास्त शोभतं. तेही काम होऊन गेल्यावर."

"दु... दुसरं कोण म्हणणार?"

"ज्याने पाहिलं, तो."

"ए... एखादं उदाहरण?"

तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. "देते. एक माणूस आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. पण एक दिवस एका बडबडीचीच बोलती बंद झाली, आणि तिला सावरायला तो बोलला. त्याच्याबद्दल म्हणायचं... ही शोड व्हॉट ही वॉज मेड ऑफ."

त्याने गळ्यावरून बोट फिरवलं. वेळ संपली होती. त्या खुणेचा तिला इतका लळा लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. "कंट्रोल रूममधून बोलायची परवानगी कुणी दिली?"

"बाई, चूक माझी," ती म्हणाली. "मी सगळं विसरले होते. यांनी सावरलं."

"मला कान आहेत. अडली होतीस, ते ऐकलं. नंतर चाललीस, तेही ऐकलं." बाई वळल्या. "उद्यापासून सकाळची वेळ तुझी. त्या श्रोत्यालाही अधूनमधून येऊ दे. लोकांचे फोन येताहेत."

जिन्यात उन्हाचा एक तिरपा पट्टा पडला होता. दोन कॉफ्या घेऊन दोघं पायरीवर बसली.

"मला... मला तू..." तो म्हणाला आणि थांबला.

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. पुढचा शब्द तिला ठाऊक होता. आवडतेस. अगदी जिभेवर आला होता. वरून शिपाई खाली उतरत आला, दोघांकडे पाहून गालात हसला आणि निघून गेला. कॉफीवर साय धरली. केंद्रात एवढ्या शांततेवर बाईंनी आकाशपाताळ एक केलं असतं. तिने जीभ चावली आणि ती थांबली.

"मला तू... रोज बोलताना ऐ... ऐकायची आहेस," तो म्हणाला. "इथून घरी गेल्यावरही. म्हा... म्हातारे झाल्यावरही."

बरं झालं मी पूर्ण केलं नाही, तिच्या मनात आलं. आपला शब्द केवढासा होता.

"ऐकशील," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिला पुढे आणखी काही बोलावंसं वाटलं नाही.