दोन गोगलगायी आणि लाल क्रेट

“सना बेटा, गाडी अडली की इंजिनला शिव्या देऊ नये. आधी बघावं, बारीक काय निसटलंय!”

आठ वर्षांपूर्वी आकुर्डीच्या गॅरेजात अब्बूंनी तिला स्टुलावर बसवून हे सांगितलं होतं. गाडी कुठली, ते सनाला आठवत नव्हतं. आवाज मात्र आठवत होता, नव्या ऑइलसारखा मऊ.

मे महिन्याच्या सुट्टीत, कुरुळीतल्या चाळीच्या जिन्यावर तो तिला पुन्हा ऐकू आला. कारण समोर गणराज शिव्यांवरच आला होता.

“परत गोगलगाय! एका पाकिटात दोन-दोन! हा खेळ आहे की कोबीचा गड्डा?”

‘रानझुंज’ हा कार्डांचा खेळ. पाकिटात सहा कार्डं. पाच साधी आणि एक खास: अग्निगरुड, वीजवाघ, असलं काहीतरी. पण गेला महिनाभर खास कार्ड कुणी पाहिलंच नव्हतं.

“ताकद एक, वेग शून्य,” शेजारी बसलेल्या स्वरूपानं कार्ड वाचलं. “बेडूक शिंकला तरी हिचा जीव जाईल!”

“पण ती माग सोडते ना! ‘शत्रू कुठून आला ते दाखवते,’ असं लिहिलंय,” सना म्हणाली.

“मेल्यावर कळून काय उपयोग, राव?” गणराज म्हणाला.

दोघं खो-खो हसली. सना हसली नाही. आत अम्मी सकाळपासून तोच तांदूळ तिसऱ्यांदा निवडत होती.

ही कार्डं भरली जात गावातल्याच एका शेडमध्ये. सनाची अम्मी सलिमा तिथं पाकिटं बंद करायची. दुकानदारांच्या तक्रारी आल्या आणि मालक धनेशशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “खास कार्डं तुमच्याच टेबलावरून गायब झालीत. शनिवारी दुपारपर्यंत आणून द्या, नाहीतर पोलिसांत देतो!”

आज शुक्रवार होता.

“बारीक काय निसटलंय...” सना पुटपुटली. “गणराज! तुझ्या थेरगावच्या मावशीची योगिनी प्रत्येक पाकिटातली कार्डं त्याच पाकिटात घालून ठेवते ना?”

“हो, वर रबर लावून! दात घासल्यावर ब्रशलाही रबर लावत असेल ती!”

“आण सगळी. प्रत्येक पाकिटावर तारखेचा शिक्का असतो!”

गणराज बसनं गेला आणि दुपारी पिशवी भरून पाकिटं घेऊन आला. तिघांनी ती जिन्याच्या पायऱ्यांवर तारखेनुसार मांडली. एकवीस एप्रिलपर्यंत प्रत्येक पाकिटात एक खास कार्ड. बावीसपासून पुढं एकही नाही! त्या जागी जास्तीची गोगलगाय.

“आणि हे बघा, चार मे, पाच मे!” सना ओरडलीच. “तेव्हा अम्मी लातूरला मामूच्या लग्नात होती! तरी दोन-दोन गोगलगायी! अम्मीनं चोरली असती, तर त्या दिवसांत खास कार्डं निघाली असती!”

गणराजनं आनंदानं पायरीवर ठेका धरला:

“घरटं घेऊन पाठीवर, चालली बाई काठावर,
घाई नाही, गडबड नाही, माग ठेवते वाटेवर!”

“हे कार्ड फालतू नाही,” तो म्हणाला. “साक्षीदार आहे!”

स्वरूपा मात्र बावीस एप्रिलचं पाकीट निरखत होती. मग हळूच म्हणाली, “बावीस एप्रिलला माझे बाबा तिथं सुपरवायझर म्हणून लागले.”



“रंगरावकाका? छे! ते चोरी करणार नाहीत,” सना म्हणाली. “पण नवीन माणूस आला की काम बदलतं. खास कार्डं लाल क्रेटमध्ये असतात, अम्मी सांगते. शेठना तो रंग भारदस्त वाटतो.”

“लाल?” स्वरूपा ताडकन उठली. “अगं, बाबा अठरा वर्षं गाडीच्या पार्टच्या कंपनीत होते! तिथं लाल क्रेट म्हणजे रिजेक्ट! हात लावायचा नाही, थेट भंगार! आमच्या घरी आई लाल टबात टोमॅटोसुद्धा ठेवू शकत नाही!”

“भंगाराचा टेम्पो कधी येतो?” सनानं विचारलं.

“महिन्यातून एकदा. या वेळी शनिवारी सकाळी... म्हणजे उद्याच!”

स्वरूपानं ओठ चावला. बाबांची नोकरी जेमतेम महिन्याची. ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

“उद्या मीही येते,” ती म्हणाली. “सलिमाकाकूंवर खोटा आळ नको.”

शनिवारी सकाळी तिघं शेडवर पोचली, तेव्हा टेम्पो दारात उभा! मागच्या कोपऱ्यातून लाल क्रेट निघत होते. धनेशशेठ हातवारे करत आडवे आले.

“पोरांनो, बाहेर! कामाच्या जागी खेळ नको!”

“खेळाचंच विचारायला आलोय, शेठ,” गणराज साळसूदपणे म्हणाला. “गोगलगायीचं कार्ड चांगलं की वाईट? आमची पैज लागलीय.”

“एकदम टाकाऊ! मीच तसं बनवलंय. पाकिटात एकाहून जास्त येणारच नाही!”

“आम्हाला तर नेहमी दोन मिळतात.”

“अशक्य!”

“मग फोडा की एक!”

शेठनी टेबलावरचं पाकीट तावातावानं फोडलं. दोन गोगलगायी! दुसरं फोडलं. दोन! तिसरं, चौथं... त्यांचा चेहरा उतरत गेला. भरणारी एक बाई भीत भीत म्हणाली, “सहावं कार्ड कमी पडतं. रंगराव म्हणाले, गोगलगायी ढीगभर हायेत, त्याच भरा.”

“पण खास कार्डांचे क्रेट कुठं गेले?” शेठ ओरडले.

“इथं!” बाहेरून आरोळी आली.

टेम्पोच्या तोंडाशी स्वरूपा एका लाल क्रेटवर मांडी ठोकून बसली होती! ड्रायव्हर डोकं खाजवत उभा. सनानं शेजारच्या क्रेटचं झाकण उघडलं. उन्हात शेकडो अग्निगरुड एकदम झळाळले.

स्वरूपानं बाबांच्या जुन्या कंपनीतला लाल क्रेटचा नियम सांगितला, तसे शेठ पुटपुटले, “शेडच्या मागं एकदा डोकावलो असतो तरी...” त्यांनी सनाच्या घरी लगेच माणूस धाडला. सलिमा आली तेव्हा ते सगळ्या बायकांसमोर उभे राहिले आणि हात जोडले. “ताई, न बघता बोललो. चुकलो. आणि ही पोरं! पोरं कसली, माझी दुकानदारी वाचवणारी फौज आहे!”

सलिमानं सनाला जवळ घेतलं, गणराजच्या डोक्यावरून हात फिरवला. पण सर्वांत आधी तिनं स्वरूपाला छातीशी धरलं होतं. “शुक्रिया बाळा. तुला किती जड गेलं असेल, मला कळतंय गं.” स्वरूपा हुंदके देऊ लागली.

रंगराव भिंतीला टेकून उभे होते. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. शेठ तर “कंपनीची सवय, होतं असं!” म्हणून मोकळेही झाले होते. पण लेकीला रडताना पाहून ते पुढं आले. टोपी हातात घेतली.

“सलिमाताई, ही नुसती चूक न्हाई. परवा तक्रार आली, तवाच मला शंका आली व्हती. वाटलं, लाल क्रेटचा तर घोळ न्हाई? पर नोकरी जाईल म्हणून गप बसलो.” “पहिल्या दिवशी मला पाकीट मिटाया बी येत नव्हतं. तुमी शिकवलंत, कुणाला कळू बी दिलं न्हाईत. त्याचे आभार मी आजवर मानले न्हाईत. आज मानतो, ताई. आन् माफी बी मागतो.”